तरंगत्या मोटरीची वाइंडिंग: तुमचे प्रश्न

प्रश्न (जालना, रिवायंडिंगचं दुकान): मॅग्लेव्ह मोटरमधे (रोटर, म्हणजे फिरणारा भाग, बेअरिंगशिवाय चुंबकानं तरंगत ठेवणारी मोटर) फिरवायची वाइंडिंग वेगळी अन् रोटर अधांतरी धरायची वेगळी असते म्हणे. एकाच स्लॉटात दोन्ही कशा बसवायच्या?

उत्तर: दादा, जुन्या पद्धतीत खरंच दोन्ही कोंबायच्या, समजा फिरवायची ४ पोलची अन् धरायची २ पोलची, पोलमधे २ चा फरक पाहिजेच, तेव्हाच एका बाजूचं चुंबकत्व वाढतं, समोरचं घटतं आणि रोटर तिकडं ओढला जातो. पण धरायच्या वाइंडिंगचं तांबं बराच वेळ नुसतं बसून राहतं, जागा मात्र अडवतं. म्हणून आता एकच वाइंडिंग भरून तिच्यातूनच दोन्ही करंट सोडतात. ६ दातांचा स्टेटर (न फिरणारा बाहेरचा भाग) अन् ४ पोलचा चुंबकाचा रोटर घ्या, दर दाताला एकच कॉइल, टोकाला तारांचा गुंता नाही. समोरासमोरच्या दोन कॉइलींना फिरवायला समजा ५-५ अँपिअर पाहिजेत, रोटर सरकला की एकीत ६ करायचे अन् दुसरीत ४. बेरीज तीच १०, म्हणून फिरवायचा जोर कायम, आणि त्या १-१ च्या फरकानं रोटर परत मधे येतो. तुमच्या हातचं काम आहे बघा, फक्त सहाही कॉइलचे टर्न तंतोतंत सारखे भरा, नाहीतर रोटर एका अंगाला ओढत राहील.

प्रश्न (नांदेड, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी): मग सहा कॉइलींना वेगवेगळा करंट द्यायचा, तर सोपं काय झालं?

उत्तर: गुंता स्लॉटातून कंट्रोलरमधे गेला, हे बरोबर. पण वाइंडिंग चुकली तर मोटर उघडून तार उपटावी लागते, प्रोग्रॅम चुकला तर लॅपटॉपवर सुधारतो, म्हणून मला हा सौदा मनापासून पटतो. शिवाय एका फेजच्या, म्हणजे समोरासमोरच्या, दोन कॉइलींमधे धरायचा इन्व्हर्टर (रोटर धरायचा करंट पुरवणारं यंत्र) असाही जोडता येतो की फिरताना तयार होणारा व्होल्टेज त्याला दिसतच नाही, मग तो लहान चालतो. यावर प्रोजेक्ट कर, बेटा.

प्रश्न (लातूर): नुसते कायमचे चुंबक लावून तरंगणार नाही का?

उत्तर: नाही. अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञानं १८४२ मधेच दाखवलं, नुसत्या कायमच्या चुंबकांनी एका दिशेनं सावरलं की दुसऱ्या दिशेनं निसटतं. सेन्सर अन् सेकंदाला हजारो वेळा दुरुस्ती लागतेच.

प्रश्न (केज, शेतकरी): माझ्या बोअरच्या पानबुडीला हे बसेल का?

उत्तर: काका, नका त्यात पडू. तुमची मोटर जळते ती कमी व्होल्टेजनं नाहीतर एक फेज गेल्यानं, तिथं चांगला प्रिव्हेंटर बसवा. तरंगता रोटर लागतो तो हार्टमेट ३ सारख्या हृदयाच्या पंपात, कारण तिथं बेअरिंग घासलं तर रक्तातल्या पेशी फुटतात.