एका रुग्णाच्या नोंदीवरून औषध ठरवता येते का?

रुग्णवृत्त, म्हणजे एखाद्या रुग्णाच्या आजाराची डॉक्टरने लिहिलेली नोंद (केस रिपोर्ट), हा पुरावा आहे की नुसता किस्सा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते रुग्णवृत्त म्हणजे प्रश्न नेमका मांडणारा पुरावा. उत्तर मात्र पुढच्या चाचणीतून मिळते. कोकणातील लाल विंचवाचे उदाहरण पाहावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून घाम, उलटी, थंडगार हातपाय, रक्तदाबातील चढउतार आणि शेवटी फुफ्फुसात साठणारे पाणी या क्रमाची बारकाईने नोंद केली आणि ती निरीक्षणे 1982 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, हे ध्यानात आल्यावर रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरण्यामागचा तर्क स्पष्ट होतो. (खेड्यातल्या दवाखान्यातून हे घडले, याचे मला विशेष वाटते.)

तरीही प्राझोसिनबरोबर प्रतिविषही (विष निष्प्रभ करणारे औषध) द्यावे का, हे अशा नोंदींवरून ठरले नसते, कारण बरा झालेला रुग्ण प्रतिविषाशिवायही बरा झाला असता की नाही, हे तुलनेचा गट नसताना कळत नाही. त्यासाठी 70 रुग्णांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, दोन गटांत विभागणी करून चाचणी झाली, जी 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. तीत दोन्ही औषधे मिळालेले रुग्ण केवळ प्राझोसिन मिळालेल्यांपेक्षा लवकर सावरले.