घाटात गाडी ओढत नाही? आधी डिझेल फिल्टर बघा

गावात गाडी नीट चालते, पण कसारा घाटात सगळे बसले की ॲक्सिलरेटर दाबूनही ओढत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझा पहिला संशय फ्युएल फिल्टरवर, म्हणजे डिझेल गाळणाऱ्या फिल्टरवर. चढावर इंजिनाला जास्त इंधन लागतं आणि चोंदलेल्या फिल्टरमधून तेवढं येत नाही. सपाट रस्त्यावर कमी लागतं, म्हणून दोष लपून राहतो.

आणखी हे बघा, उत्तर 'हो' असेल तर फिल्टरवरचा संशय वाढतो:
- सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो का?
- ओव्हरटेक करताना गचके बसतात का?

डिझेल गाडीत हाच फिल्टर पाणीही वेगळं करतो. डॅशबोर्डवर फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवा लागला तर गाडी तशीच दामटू नका. पाणी इंजेक्टरपर्यंत (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) गेलं की खर्च फार मोठा.

नवीन लोक हमखास थेट इंजेक्टर उघडायला लावतात, नाहीतर जुना फिल्टर धुऊन परत बसवतात. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचाच. एअर फिल्टरही त्याच वेळी बघून घ्या, लक्षणं बरीच सारखी असतात.

बदलूनही फरक पडला नाही तर सांगा, मग गाडीतल्या डिझेल पंपाचं प्रेशर मोजायचं बघू.