वाचकांचे प्रश्न : यशवंतराव चव्हाण आणि वसंतराव नाईक

प्रश्न : महाराष्ट्राच्या जडणघडणीचा विषय निघाला की यशवंतराव चव्हाणांचेच नाव पुढे येते. वसंतराव नाईक तर अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. राज्यावर अधिक खोल ठसा कोणाचा, असे आपणांस वाटते? (एक वाचक, यवतमाळ)

उत्तर : दोघांचाही जन्म १९१३ सालचा आणि दोघेही वकील, पण पुढच्या वाटा अगदी निराळ्या. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर यशवंतराव जेमतेम अडीच वर्षे मुख्यमंत्री होते. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती सांभाळत १९७९ मध्ये उपपंतप्रधान झाले. वसंतराव डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत सलग मुख्यमंत्री राहिले. पदांच्या तुलनेतून म्हणून फारसे काही हाती लागत नाही.

तुलना करायची तर ती जिल्हा परिषदेपासून करावी, कारण तेथे दोघांचाही हात लागला आहे. विकेंद्रीकरणासाठी यशवंतरावांच्या सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईकच होते. त्याआधी केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुका पातळीवरच्या पंचायत समितीवर होता. नाईक समितीने मात्र जिल्हा परिषद बळकट करावी आणि आमदार-खासदारांना तिच्या सदस्यत्वापासून दूर ठेवावे, असे सुचवले. १९६१ चा कायदा त्याच पायावर उभा आहे. हाती असलेली सत्ता खाली सोडण्याचा निर्णय यशवंतरावांचा, हे निर्विवाद; परंतु त्यांच्या गौरवात नाईकांचा वाटा एका वाक्यात उरकला जातो, हे मला अन्यायाचे वाटते.

नाईकांची खरी परीक्षा १९७२ च्या दुष्काळात झाली. खडी फोडणे, पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते अशा कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे होती, आणि कामावर मजुरांना खायला वाटलेल्या सुकडीची चव त्या पिढीतील लोक अजून सांगतात. मागेल त्याला काम ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची; तासगाव तालुक्यात तिचा आधी प्रयोग झाला होता. ती राज्यभर नेण्याचे धाडस नाईक सरकारने केले. पगारातून आजही कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये याच रोजगार हमीसाठी लागू झाला, आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. भूमिहीन मजुराच्या घरात प्रत्यक्ष काय पोहोचले, या कसोटीवर मी नाईकांना झुकते माप देईन.

यशवंतरावांचे मोठेपण त्याने उणावत नाही. नवबौद्धांना सवलती देणे, विश्वकोशासारखे काम लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाती सोपवणे, मराठवाडा आणि शिवाजी विद्यापीठांची स्थापना, यांतून राज्य म्हणजे नुसता कारभार नव्हे, ही त्यांची समज दिसते आणि नंतरच्या फार थोड्या मुख्यमंत्र्यांत ती आढळते. मात्र दिल्लीत, विशेषतः १९६९ च्या काँग्रेस फुटीच्या वेळी, ते निर्णायक क्षणी डगमगले, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

आपण यवतमाळचे आहात, म्हणून नाईकांबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. शेतकऱ्यांचा कापूस राज्यानेच विकत घेण्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना त्यांच्याच काळातली आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठही; परंतु विदर्भाचा मुख्यमंत्री इतकी वर्षे असूनही विदर्भाचे सिंचन मागेच राहिले, आणि १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीला तो अनुशेष आकड्यांत मांडावा लागला.