वाचक विचारतात : फोटो वेबसाइटवर चढवण्याआधी

प्रश्न : आंब्यांची ऑनलाइन विक्री करतो. कॅमेऱ्यातला एकेक फोटो 9 एमबीचा असतो. एक्सपोर्ट करताना क्वालिटी 30 वर आणली तरी फाइल 2 एमबीच्या खाली येत नाही, वर आंब्याच्या सालीवर चौकटी दिसायला लागतात. आता आणखी किती खाली जायचं? (देवगड)

उत्तर : खाली नका जाऊ, वर या. क्वालिटी 75 ते 80 वर न्या आणि पिक्सेल कमी करा. तुमचा फोटो 6000 × 4000 चा असेल तर त्यात 2 कोटी 40 लाख पिक्सेल आहेत. पानावर तो 800 पिक्सेलच्या जागेत बसत असेल, तर फोनचे दाट पडदे हिशेबात धरूनही 1600 रुंदी पुष्कळ झाली. 1600 × 1067 म्हणजे साधारण 17 लाख पिक्सेल, मूळच्या चौदावा हिस्सा. चित्र न बिघडवता एवढी बचत नुसत्या क्वालिटीच्या पट्टीने होणार नाही.

चौकटी का दिसतात तेही सांगतो. जेपीईजी चित्राचे 8 × 8 पिक्सेलचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यातला बारीक तपशील क्वालिटीच्या आकड्याप्रमाणे टाकून देतं. करंडीतल्या गवतात किंवा पानांत हे खपून जातं, कारण तिथे आधीच गर्दी असते. साल मात्र हिरव्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून केशरीत हळूहळू सरकते. तिथे शेजारच्या तुकड्यांचे रंग एकमेकांशी जुळेनासे होतात आणि शिवण उघडी पडते. म्हणून क्वालिटी ठरवताना अख्खा फोटो बघू नका. झूम 100 टक्क्यांवर ठेवा आणि सालीचा सर्वांत गुळगुळीत भाग किंवा मागचं आकाश बघा. तिथे बिघडलं नाही तर फोटोत सहसा कुठेच बिघडत नाही.

गिम्प या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये 'इमेज' मेनूतून 'स्केल इमेज' उघडून रुंदी 1600 करा. शेजारची साखळी जोडलेली असेल तर उंची आपोआप बदलते. लहान केल्यावर चित्र किंचित मऊ पडतं, म्हणून 'फिल्टर्स', 'एनहान्स', 'शार्पन (अनशार्प मास्क)' या वाटेने जाऊन रेडियस 0.5 च्या आसपास ठेवा. तिथे आपोआप येणारा 3 हा रेडियस वेबच्या आकाराला फार मोठा आहे, आंब्याभोवती पांढरी कड उमटते. मग 'फाइल', 'एक्सपोर्ट अॅज' करून नावाला जेपीजी लावा. पुढच्या खिडकीत 'शो प्रिव्ह्यू इन इमेज विंडो'वर खूण केली की पट्टी सरकवताना फाइल किती केबीची होते ते लगेच दिसतं. फोटोशॉपमध्ये हेच काम 'फाइल', 'एक्सपोर्ट', 'सेव्ह फॉर वेब (लेगसी)' इथे होतं. तिथल्या '4-अप' टॅबवर चार क्वालिटी शेजारी शेजारी बघता येतात. नावात 'लेगसी' असलं तरी या कामाला ती खिडकी अजून फार सोयीची आहे.

अशा तऱ्हेने बहुतेक फोटो 200 ते 400 केबीत बसतात. दोन गोष्टी मात्र सांभाळा. एका सॉफ्टवेअरची 60 क्वालिटी म्हणजे दुसऱ्याची 60 नव्हे. फोटोशॉपच्याच 'सेव्ह अॅज'मध्ये मोजपट्टी 0 ते 12 आहे. आणि आधीच दाबलेली जेपीईजी उघडून पुन्हा जेपीईजी करू नका. दर खेपेला थोडा माल गळतो. दुरुस्ती नेहमी मूळ फाइलमध्ये करा आणि नवी प्रत तिच्यातूनच काढा.

प्रश्न : आमचा फ्लेक्सचा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक म्हणतं, तोच फ्लेक्स वेबसाइटसाठी द्या. फाइल 72 डीपीआयचीच आहे, म्हणजे वेबला चालायला हवी. तरी साइट ती घेत नाही. एकदा घेतली तर भगवा रंग भलताच दिसला. (इचलकरंजी)

उत्तर : 72 डीपीआय म्हणजे वेबची फाइल, हा समज छपाईच्या धंद्यात जुना आहे. डीपीआय हा आकडा कागदावर किंवा फ्लेक्सवर एका इंचात किती ठिपके बसवायचे एवढंच सांगतो. ब्राउझर तो वाचतही नाही, तो फक्त पिक्सेल मोजतो. तुमचा फ्लेक्स 10 × 4 फुटांचा असेल तर तो 120 × 48 इंचांचा झाला. त्याला 72 ने गुणा : 8640 × 3456, जवळजवळ 3 कोटी पिक्सेल. फोटोशॉपच्या 'इमेज साइज'मध्ये 'रिसॅम्पल'ची खूण काढून डीपीआय 72 चा 10 केला, तरी पिक्सेल तेवढेच राहतात आणि फाइलही तेवढीच. खूण ठेवा, एकक 'पिक्सेल्स' निवडा, रुंदी 1600 लिहा. उंची 640 येईल.

भगव्याचं कारण वेगळं आहे. फाइल बहुधा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत आहे. पडद्याला आरजीबी (लाल, हिरवा, निळा) लागतो, आणि सीएमवायके जेपीईजी प्रत्येक ब्राउझर आणि फोन आपापल्या परीने उलगडतो. त्यामुळे भगवा कुठे झगझगीत होतो, कुठे विटकरी. पीएनजी आणि वेबपी या चित्रफाइलींच्या प्रकारांत तर सीएमवायकेची सोयच नाही. आधी लेयर एकत्र केलेली प्रत काढा. मग 'एडिट', 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल'मध्ये जाऊन 'एसआरजीबी आयईसी 61966-2.1' निवडा, इंटेंट 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' ठेवा आणि 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन'वर खूण असू द्या. त्याच मेनूत शेजारी 'असाइन प्रोफाइल' आहे, त्याला हात लावू नका. 'कन्व्हर्ट' रंग जसा दिसतो तसा ठेवून आतले आकडे बदलतं. 'असाइन' आकडे तेच ठेवतं आणि दिसणं बदलून टाकतं.

तरीही एक मर्यादा उरते. छपाईसाठी सीएमवायके करताना जो चटक रंग गेला, तो परत येत नाही. फ्लेक्समधल्या फोटोंच्या मूळ आरजीबी फाइली असतील तर वेबची प्रत त्यांच्यावरून बांधा.

आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, दहा फुटांचा फ्लेक्स फोनवर अडीच-तीन इंचांत येतो. चाळीस शुभेच्छुकांची नावं तिथे मुंग्यांची रांग दिसणार. वेबसाठी मांडणी नव्याने करा आणि तिचे पैसे वेगळे लावा.

प्रश्न : पैठणीच्या जाहिरातीत हिरव्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं आहेत. फोटोशॉपमध्ये स्वच्छ दिसतात, जेपीईजी केली की शिरोरेषा फुटते. (येवला)

उत्तर : जेपीईजीची ही खोड देवनागरीला जास्त जाचते. आपला डोळा उजेड-अंधाराचा फरक बारीक टिपतो, रंगाचा तेवढा नाही. याचा फायदा घेऊन जेपीईजी उजेडाची माहिती पूर्ण ठेवतं आणि रंगाची मात्र आडवी निम्मी, उभी निम्मी करतं. म्हणजे चार पिक्सेलांत मिळून एकच रंग. याला 4:2:0 सबसॅम्पलिंग म्हणतात. काळ्या-पांढऱ्या मजकुरात हे कळत नाही, कारण तिथे सगळा फरक उजेडाचाच असतो. तुमचा लाल आणि तुमचा हिरवा उजेडाला जवळपास सारखे आहेत. अक्षर वेगळं दिसतं ते निव्वळ रंगामुळे. दोन पिक्सेल जाडीची शिरोरेषा या चौघांच्या वाटणीत सापडली की अर्धी हिरव्यात मिसळते आणि कड तपकिरी होते. मात्रा आणि अनुस्वार त्याहून आधी जातात.

फोटोशॉपच्या 'सेव्ह फॉर वेब'मध्ये क्वालिटी 50 पर्यंत हे सबसॅम्पलिंग चालू असतं, 51 पासून बंद होतं. तेव्हा 51 च्या वरच राहा. गिम्पमध्ये एक्सपोर्टच्या खिडकीत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली 'सबसॅम्पलिंग' 4:4:4 करा. वेबपीचा तपशील टाकून देणारा प्रकार नेहमी 4:2:0 च वापरतो, म्हणून अशा चित्राला तो नको. 'लॉसलेस' वेबपी किंवा पीएनजी घ्या. सगळ्यांत चांगलं म्हणजे चित्रात फक्त पैठणी ठेवा आणि मजकूर वेबपानावर खराखुरा मजकूर म्हणून लिहा. तो कधी फुटत नाही, गूगलला वाचता येतो आणि सणागणिक किंमत बदलताना चित्र पुन्हा काढावं लागत नाही.

प्रश्न : संस्थेचं बोधचिन्ह कोरलड्रॉमध्ये आहे, अक्षरं श्रीलिपीची. एसव्हीजी केल्यावर आमच्याकडे ठीक दिसतं, दुसऱ्यांच्या संगणकावर नावाच्या जागी भलतीच रोमन अक्षरं येतात. (सोलापूर)

उत्तर : एसव्हीजी या रेषांनी बनलेल्या चित्रफाइलीत तुमची अक्षरं मजकूर म्हणूनच गेली आहेत. बघणाऱ्याकडे तो फाँट नाही, आणि युनिकोडच्या आधीच्या फाँटांत देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाँट गेला की खालचं रोमन वर येतं. कोरलड्रॉमध्ये मजकूर निवडून कंट्रोल-क्यू दाबा, म्हणजे अक्षरांच्या वक्ररेषा होतील. मग एसव्हीजी काढा. वक्ररेषा झाल्यावर स्पेलिंग सुधारता येत नाही, म्हणून ही प्रत वेगळ्या नावाने ठेवा. इंकस्केपमध्ये हेच काम शिफ्ट-कंट्रोल-सी करतं. तिथेच शिफ्ट-कंट्रोल-आर दाबून पान चिन्हाएवढं करा, नाहीतर साइटवर चिन्ह मोठ्या रिकाम्या पानाच्या मध्ये इवलंसं दिसतं. जतन करताना 'ऑप्टिमाइज्ड एसव्हीजी' निवडा.

कुठे पीएनजीच मागितली तर साध्या रंगांच्या चिन्हाला पीएनजी-8 आणि 32 किंवा 64 रंग पुरतात. जेपीईजीत पारदर्शकता नसते, मागे पांढरा चौकोन येतो.

प्रश्न : फोनवर सरळ दिसणारे उभे फोटो साइटवर आडवे का पडतात? (मडगाव)

उत्तर : फोन बऱ्याचदा पिक्सेल आडवेच साठवतो आणि 'हे फिरवून दाखवा' अशी चिठ्ठी फाइलमधल्या एक्झिफ माहितीत ठेवतो. साइटने किंवा दाबणाऱ्या साधनाने एक्झिफ पुसली की चिठ्ठी जाते, फोटो आडवा होतो. गिम्प असा फोटो उघडताना फिरवू का विचारतं. तिथे 'रोटेट' म्हणा आणि मगच एक्सपोर्ट करा. त्यानंतर एक्झिफ काढून टाकायलाच हवी, कारण लोकेशन चालू असेल तर तिच्यात फोटो जिथे काढला तिथले अक्षांश-रेखांश असतात. घरातल्या मुलांच्या फोटोंना हे विसरू नका.

प्रश्न : वेबपी घ्यावं की एव्हीआयएफ? आणि फाइलचं नाव मराठीत दिलं तर चालतं का? (पुणे)

उत्तर : फोटोंना वेबपी घ्या. गूगलच्या स्वतःच्या मोजणीत ते तेवढ्याच दर्जाच्या जेपीईजीपेक्षा 25 ते 34 टक्के लहान भरतं, आणि 2020 मध्ये सफारीनेही ते स्वीकारल्यापासून अडचण उरलेली नाही. फोटोशॉपमध्ये 23.2 आवृत्तीपासून ते 'सेव्ह अ कॉपी'त मिळतं. एव्हीआयएफ आणखी लहान होतं, पण तयार व्हायला वेळ घेतं. पानावरच्या एकदोन मोठ्या फोटोंपुरतं करून बघा. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्क्वूशमध्ये दोन्ही प्रकार मधली रेघ सरकवून ताडून बघता येतात.

मराठी नाव चालतं, पण पत्त्यात देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह नऊ रोमन खुणांचं होतं. 'देवगड' या एका शब्दाच्या 45 खुणा होतात. फाइलला लहान रोमन नाव द्या, मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ (हायफन) वापरा, आणि मराठी वर्णन चित्राच्या पर्यायी मजकुरात (ऑल्ट टेक्स्ट) लिहा.