कटिस्नान कोण करते?

प्रश्न : जुनाट बद्धकोष्ठ आणि अपुरी झोप यांसाठी मी दहा दिवस एका निसर्गोपचार केंद्रात राहिलो. तेथे पोट साफ होऊ लागले, झोपही सुधारली. पण घरी आल्यावर दोन महिन्यांत सारे पहिल्यासारखे झाले. पुन्हा दाखल व्हावे का? रक्तदाबाची गोळीही आता सोडावी, असे वाटते.

उत्तर : पुन्हा जाण्यापूर्वी त्या दहा दिवसांत नेमके काय घडत होते, ते आठवून पाहावे. मातीपट्टी आणि वाफ लक्षात राहते. परंतु त्याच दिवसांत आपण ठरल्या वेळी उठत होतात, रात्रीचे जेवण लवकर आणि हलके होत होते आणि चालणे चुकत नव्हते. माझ्या मते गुण बराचसा त्या दिनक्रमाचा होता, आणि तो दिनक्रम केंद्राने चालवला होता, आपण नव्हे.

कटिस्नानाचेच पाहा. जर्मनीतील लाइपझिग येथे १८८३ साली उपचारगृह काढणाऱ्या लुई कुने यांनी त्याचा मोठा प्रसार केला. टबात बेंबीपर्यंत गार पाणी, पाय बाहेर कोरडे, आणि पाण्यात बसल्या बसल्या खरखरीत ओल्या कापडाने बेंबीखालचे पोट सतत चोळत राहायचे. नंतर अंग पुसून, ऊब येईपर्यंत चालायचे. म्हणजे चोळणारा हात रुग्णाचा आणि चालणारे पायही त्याचेच. नुसते पाण्यात बसून जो लगेच पांघरूण ओढतो, त्याचे स्नान अर्धेच झाले, असे मी समजतो.

घरी पहिले काम म्हणून एक वही करावी. निजण्याची व उठण्याची वेळ, शौचाची वेळ, जेवण, चालणे एवढेच रोज लिहावे. दोन आठवड्यांत कोणत्या दिवशी काय बिघडले, हे आपल्यालाच दिसू लागेल. न्याहारीनंतर मोठ्या आतड्याची हालचाल स्वाभाविकपणे वाढते, म्हणून त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे शौचासाठी राखावीत, पायांखाली छोटा पाट घ्यावा, आणि वेग आला असता कामाच्या घाईत तो दाबू नये. वारंवार दाबलेला वेग पुढे जाणवेनासा होतो. शौचावाटे रक्त जात असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर मात्र आधी तपासणी करून घ्यावी.

गोळी स्वतःहून मुळीच सोडू नये. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवत नाही, म्हणून ‘बरे वाटते’ हा तो आटोक्यात असल्याचा पुरावा होत नाही, आणि काही गोळ्या एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. घरी मोजलेले आकडे त्याच वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत. मात्रा कमी करायची की नाही, ते त्यांनी ठरवावे.

प्रश्न : मधुमेहावर औषध चालू असताना उपवास केला. घाम सुटला, हात थरथरले. हा त्रास ‘उपचारसंकट’, म्हणजे बरे होताना तात्पुरता वाढणारा त्रास, समजून सोसावा का?

उत्तर : नाही. ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी ताबडतोब साखर घ्यावी, ग्लुकोमीटरवर मोजावे, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असताना डॉक्टरांशी बोलल्याविना पुन्हा उपवास करू नये. निसर्गोपचारकालाही आपली सगळी औषधे नावानिशी सांगावीत. त्याने विचारले नाही, तरीही.