मल्याळम सिनेमात कॅमेरा करायचाय? आधी हे कर

अरे, कोणता कॅमेरा घेऊ हे आत्ता सोडच, आधी कॅमेरामन शाजी एन. करुण यांचं काम बघ, आपल्या पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेतलेच ते. दिग्दर्शक अरविंदन यांचा, शाजींनीच शूट केलेला 'कुम्माट्टी' (१९७९) आवाज बंद करून बघ, माळरान, आभाळ, पोरं, आणि प्रत्येक शॉटला ऊन कुठून येतंय ते वहीत लिही, खरंच लिही, नुसतं बघून काही डोक्यात राहत नाही. मग कॅमेरामन संतोष सिवन यांचं काम बघ, तेही एफटीआयआयचेच, २०२४ला कान चित्रपट महोत्सवात पिएर आंजेन्यू हा कॅमेराकामाचा सन्मान मिळाला त्यांना. कोट्टायमलाही के. आर. नारायणन यांच्या नावाची सरकारी फिल्म संस्था आहे, तिथली प्रवेश परीक्षा बघून ठेव. आणि मल्याळम शीक बाबा, सेटवर गॅफर (लाइटिंगचा प्रमुख), लाइटबॉय सगळ्यांशी त्याच भाषेत बोलावं लागतं.