भाडेकरू राहत असताना फ्लॅट विकायचाय: आधी कोणाशी बोलायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कोथरूडचा टू बीएचके अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्सवर दिलाय, करार जूनअखेरपर्यंत आहे, डिपॉझिट 1 लाख. ग्राहक मिळालाय, पण त्याला जानेवारीत रिकामा ताबा हवाय. भाडेकरूच्या मुलीची यंदा दहावी. आणि एजंट म्हणतोय की विसार, म्हणजे सौदा पक्का करतानाची आगाऊ रक्कम, हातात पडेपर्यंत भाडेकरूला काही सांगू नका.

एजंटचं हे म्हणणं मानू नका. विसार घेताना तुम्ही ग्राहकाला ताब्याची तारीख देणार, आणि ती तारीख पाळणं ज्याच्या हातात आहे त्याला तुम्ही विचारलेलंच नसणार. शिवाय ही गोष्ट लपत नाही. घर बघायला माणसं येतात, बँकेचा व्हॅल्युएशनवाला आत येऊन फोटो काढतो, वॉचमन बोलतो. भाडेकरूला बातमी लिफ्टमध्ये कळली तर त्याचा पहिला विचार "आपल्याला फसवतायत" हाच असतो. त्यानंतर त्याच्याकडून काहीही करून घेणं अवघड जातं. म्हणून आधी तुम्ही स्वतः जा, दोघा नवराबायकोंसमोर बसा आणि सरळ सांगा. त्याच बैठकीत "तुम्हाला हे घर घ्यायचंय का?" हेही विचारा. तसं विचारायचं कायदेशीर बंधन नाही, पण त्याच सोसायटीत, मुलांच्या शाळेजवळ घर घ्यायची इच्छा असलेले भाडेकरू मी पाहिलेत. तसं झालं तर ताब्याचा प्रश्नच उरत नाही.

आता कायद्याचं. फ्लॅट विकायला भाडेकरूची परवानगी लागत नाही. लीव्ह अँड लायसन्स म्हणजे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 52 मधला परवाना, म्हणजे घर वापरायची मुभा. कलम 59 म्हणतं की जागा विकली गेली तर नवा मालक त्या परवान्याने आपोआप बांधला जात नाही. एजंट लोक इथपर्यंतच सांगतात. पण त्याच कायद्यात कलम 63 आहे: परवाना रद्द झाला तरी सामान हलवायला आणि निघायला वाजवी वेळ द्यावा लागतो. आणि कलम 64 आहे: पैसे घेऊन दिलेला परवाना, भाडेकरूची काही चूक नसताना, मुदतीआधी मोडून त्याला बाहेर काढलं तर तो परवाना देणाऱ्याकडून, म्हणजे तुमच्याकडून, नुकसानभरपाई मागू शकतो. म्हणजे ग्राहक मोकळा राहू शकतो, तुम्ही राहत नाही.

यावर तुमचा करार काय म्हणतो ते बघा. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही अशी मुदत, आहे का, असल्यास फक्त भाडेकरूवर आहे की दोघांवर, आणि नोटिशीचा एक महिना मालकालाही लागू आहे का. हे तीन मुद्दे कागद समोर ठेवून वाचा, आठवणीवर जाऊ नका. मालकालाही नोटिशीचा हक्क असेल आणि लॉक-इन संपलं असेल तर मुदतीआधी नोटीस देता येते.

तरीही एक अडचण उरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 24 मालकांच्या फार उपयोगाचं आहे. राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपल्यावर भाडेकरू निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, लेखी करार हा निर्णायक पुरावा धरला जातो आणि रेंगाळलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण या कलमाची भाषा मुदत संपल्यावरची आहे. तुमची मुदत जूनमध्ये संपते. जानेवारीत नोटीस देऊनही त्याने नाही म्हटलं, तर हा सरळ रस्ता तुम्हाला तितक्या सहज मिळेल असं गृहीत धरू नका. तेवढा मुद्दा वकिलाला दाखवा. ग्राहकाशी तारीख ठरवण्याआधी दाखवा, नंतर नाही.

तुमचा करार नोंदवलेला आहे ही मोठी जमेची बाजू. त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. नोटरी केलेल्या स्टँप पेपरवर ज्यांनी घर दिलंय त्यांनी विक्रीचा विचार करताना हे आधी लक्षात घ्यावं.

आणि काहीही झालं तरी पाणी-लाईट बंद करणं, कुलूप बदलणं या वाटेला जाऊ नका. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई करतं. त्यापलीकडे, दहावीच्या मुलीच्या घरातला लाईट घालवून विकलेलं घर मला तरी विकायला नको.

माझं मत विचाराल तर जानेवारीचा नाद सोडा. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, एप्रिल-मेमध्ये घरं बदलली जातात, कारण जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत सगळ्यांना स्थिर व्हायचं असतं. तेव्हा भाडेकरूला घरंही जास्त मिळतात. ग्राहकाला एप्रिलअखेरची तारीख सांगून बघा. त्याला घर खरंच आवडलं असेल आणि तो स्वतः भाड्याने राहत असेल, तर त्याचाही करार कधी संपतो ते विचारा. पुष्कळदा त्यालाच दोन-तीन महिने इकडे-तिकडे चालतात. त्याला जानेवारीच हवी असेल तर घर लगेच नको असलेला, भाडं चालू राहिलेलं ज्याला आवडेल असा गुंतवणूकदार ग्राहक शोधायला एजंटला सांगा. असे ग्राहक भावात जास्त घासाघीस करतात, तेवढं धरून चला.

भाडेकरूशी बोलणं झालं की साधं लेखी करून घ्या: कोणत्या तारखेला निघणार, डिपॉझिट कधी मिळणार, आणि मुदतीआधी निघण्याबद्दल तुम्ही काय देणार. मी एक महिन्याचं भाडं माफ आणि टेम्पो-मजुरीचा खर्च इतकं तरी सुचवेन. तुम्ही त्याला करारात ठरलेल्या वेळेआधी उठवताय, त्याला नवी दलाली भरावी लागणार आहे. ही रक्कम विक्रीच्या किमतीत फार नाही, पण त्याच्या घरात ती मोठी असते.

डिपॉझिटबद्दल जरा जास्त सांगतो, कारण बहुतेक व्यवहार इथेच अडतात. बऱ्याच मालकांनी डिपॉझिट कधीच खर्च केलेलं असतं आणि "विक्रीचे पैसे आले की देऊ" असा हिशेब असतो. भाडेकरूला मात्र नव्या घरमालकाला डिपॉझिट आधी द्यायचं असतं. तुमचे पैसे त्याच्या निघण्यावर अडलेले, त्याचं निघणं तुमच्या पैशांवर अडलेलं. हे सुटतं ते मालकाने पुढाकार घेतला तरच. त्याने नवं घर ठरवलं की अर्धं डिपॉझिट त्याच दिवशी बँकेतून द्या, पावती घ्या. उरलेलं चावी घेताना, लाईट बिल आणि गॅसची बाकी वजा करून. भाडेकरूसकट घर विकत असाल तर डिपॉझिट कोणी परत करायचं हे तिघांच्या सह्यांनी लिहा. नवा मालक ते किमतीतून वळतं करून घेत असेल तर तेही आकड्यासकट लिहा, आणि भाडं कोणत्या तारखेपासून कोणाच्या खात्यात जायचं हे भाडेकरूला लेखी कळवा. चांगलं म्हणजे जुनं डिपॉझिट तुम्ही परत करावं आणि नव्या मालकाने स्वतःचा नवा करार नोंदवावा.

घर दाखवण्याचे दिवस ठरवा. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 28 मालकाला जागा पाहण्याचा हक्क देतं, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. शनिवारी संध्याकाळी दोन तास आणि रविवारी सकाळी, एवढं पुरतं. परीक्षेच्या आधीचा महिनाभर कोणालाच आणू नका. एजंटला चावी देऊ नका, आणि भाडेकरूच्या सामानासकट बेडरूमचे फोटो जाहिरातीत टाकू देऊ नका. हे तुमचं घर असलं तरी संसार त्यांचा आहे.

साठेखतात, म्हणजे विक्रीआधी ग्राहकाशी होणाऱ्या लेखी करारात, काय लिहायचं तेही सांगतो. फ्लॅट भाडेकरूच्या वापरात आहे, कराराचा नोंदणी क्रमांक हा, मुदत ही, आणि रिकामा ताबा अमुक तारखेला, हे स्पष्ट यायला हवं. किमतीचा एक हप्ता ताब्याशी जोडा, म्हणजे ग्राहकालाही धीर येतो. तारीख चुकली तर काय, याचंही वाक्य हवं: किती दिवसांची सवलत, त्यानंतर विसार परत की दंड. वकिलांकडच्या तयार मसुद्यात "आज रोजी रिकामा व शांततामय ताबा दिला आहे" असं छापील वाक्य असतं. भाडेकरू आत असताना त्याखाली सही करू नका.

किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असली तर ग्राहक 1 टक्का टीडीएस कापून भरतो, त्याने घाबरू नका. तो तुमच्या करात वळता होतो. तुम्ही अनिवासी असाल तर कपात वेगळी आणि बरीच जास्त असते, तेव्हा सीएला व्यवहाराआधी भेटा.

हे सगळं लीव्ह अँड लायसन्सपुरतं. गिरगाव-दादरच्या किंवा पुण्याच्या पेठांमधल्या पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या भाडेपट्टीच्या, जागेला यातलं फारसं लागू होत नाही. तिथे भाडेकरूला कायद्याचं संरक्षण आहे, घर विकायचंय हे जागा खाली करून घेण्याचं कारण ठरत नाही, आणि नवा मालक त्या भाडेकरूसकटच मालक होतो.

चावी घ्याल त्या दिवशी त्याच्याकडून ताबा सोडल्याचं पत्र घ्या, वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, पाइप गॅस त्याच्या नावावर असेल तर तो बंद केल्याची पावती घ्या आणि सोसायटीला भाडेकरू गेल्याचं लेखी कळवा. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली होती, तिथेही कळवा. ग्राहकाचा वकील हे कागद मागतोच.